वस्तीच्या चारित्र्याचे दाखले

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात नोकरीनिमित्त नव्याने दाखल होणाऱ्या माणसाला घर मिळवण्यासाठी अनामत रक्कम, ओळखपत्रे आणि दलाली यांची तजवीज करावी लागते हे खरे. परंतु त्याआधी त्याला एक मौखिक शिक्षण पदरात पाडून घ्यावे लागते, आणि कार्यालयातले सहकारी, दूरचे आप्त, दलाल व आयुष्यात एकदा कधीतरी त्या रस्त्याने मोटारीतून गेलेले हितचिंतक ते त्याला मोठ्या उत्साहाने विनामूल्य देत असतात. वाकड चांगले, पिंपळे सौदागर त्याहून चांगले, रावेत आणि पुनावळे जरा दूर, पण तिथे "आपल्यासारखी माणसं" आहेत, आणि काळेवाडी? काळेवाडीचे नाव निघताच सांगणाऱ्याचा स्वर एक पट्टी खाली उतरतो. "नको हो, तो एरिया बरा नाही. त्यात तुम्ही मिसेसना, मुलीला घेऊन राहणार..." वाक्य तिथेच सोडून दिले जाते. ते पुरे करण्याची जबाबदारी ऐकणाऱ्याच्या कल्पनाशक्तीवर टाकलेली असते, आणि ती आपले काम चोख बजावते.

या अर्धवट सोडलेल्या वाक्याचा मला मनस्वी संताप येतो. हजारो कुटुंबांची एक वस्ती त्यात फिर्यादीवाचून, पंचनाम्यावाचून आणि तिचा जबाब न घेता दोषी ठरवून तिचा निकाल लावला जातो, आणि निकाल देणारा न्यायाधीश चहाचा पेला खाली ठेवून पुन्हा आपल्या संगणकाकडे वळतो.

प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या संपूर्ण तेजानिशी मांडणे हा न्यायाचा पहिला भाग म्हणून ते आधी मांडतो. काळेवाडीच्या गल्ल्या अरुंद आहेत. गुंठा-दोन गुंठे घेऊन बांधलेली घरे एकमेकांना टेकून उभी आहेत. त्या घरांच्या मजल्यामजल्यांवर भाड्याच्या खोल्या आहेत आणि त्या खोल्यांत लातूर, नांदेड, यवतमाळपासून बिहार आणि ओडिशापर्यंतच्या मुलखातली माणसे, एकेका खोलीत चार-चार पुरुष, राहतात. चौकात पोरे उभी असतात आणि त्यांच्या डोक्यावर कुणा भाईच्या वाढदिवसाचा फलक लोंबत असतो. वर्तमानपत्रात कोयत्याच्या आणि फोडलेल्या मोटारींच्या बातम्या येतात. यावरून ही वस्ती असुरक्षित ठरते. याउलट जिथे उंच भिंत आहे, फाटक आहे, गणवेषातला रखवालदार आहे, येणाऱ्याजाणाऱ्याची नोंदवही आणि कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरे आहेत, ती जागा सुरक्षित. इतका सोपा, इतका गुळगुळीत हा सिद्धांत आहे की तो कुणी तपासून पाहिला असेल अशी शंकादेखील येत नाही.

तपासू या. आणि प्रारंभ प्रतिपक्षाच्या सर्वांत लाडक्या पुराव्यापासून, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींपासूनच करू. काळेवाडीत कुणाची सोनसाखळी गेली, कुणावर वार झाला, तर वर्षानुवर्षे त्याची फिर्याद कोणत्या ठाण्याच्या दप्तरात लिहिली जात होती? बहुतांशी वाकडच्या! काळेवाडीला स्वतःचे पोलीस ठाणे मिळाले ते अगदी अलीकडे; तोवर तिथे होती ती चौकी, आणि हद्द वाकड ठाण्याची. म्हणजे जे गृहस्थ "वाकड सेफ आहे" असे छातीठोकपणे सांगत होते, त्यांनी एकदाही वाकड ठाण्याचे आकडे पाहिलेले नव्हते हे उघड होते. पाहिले असते तर काळेवाडी, रहाटणी आणि थेरगाव यांचे सारे बरेवाईट वाकडच्या नावावर जमा झालेले पाहून त्यांनी वाकडमधूनच बिऱ्हाड हलवले असते. आणि आता नवे ठाणे उघडल्यावर काळेवाडीच्या नावे गुन्ह्यांचे रकाने भरू लागतील, तेव्हा हेच गृहस्थ म्हणतील, "पाहा, आम्ही सांगत नव्हतो?" ठाणे जवळ आल्याने फिर्याद करणे सोपे झाले, बसभाडे आणि अर्धा दिवस न गमावता माणूस ठाणे अंमलदारापुढे उभा राहू लागला, आणि त्याची शिक्षा म्हणून वस्ती अधिक बदनाम झाली, असा हा न्याय आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी जो जाडजूड अहवाल छापतो त्यात खुद्द त्या विभागानेच बजावून ठेवले आहे की गुन्ह्यांत वाढ होणे आणि गुन्ह्यांच्या नोंदणीत वाढ होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवून घेणे पोलिसांवर बंधनकारक केले. यावरून तोवर किती फिर्यादी दारातूनच परत जात असतील याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. जे ठाणे प्रामाणिकपणे लिहिते त्याच्या हद्दीत गुन्हे अधिक दिसतात आणि जे लिहीत नाही त्याच्या हद्दीत रामराज्य नांदते. शिवाय हा अहवाल देशाचा, राज्याचा आणि मोठ्या शहरांचा हिशेब देतो. पाचपीर चौक आणि तापकीर चौक यांचा तुलनात्मक तक्ता त्यात नाही. मग आमच्या या गल्लीवार तज्ज्ञांनी आपले आकडे कुठून आणले? लोकसंख्येने भागल्यावाचून कोणताही आकडा बोलत नाही, हे शाळेत शिकवलेले साधे गणितही त्यांना नको आहे. जिथे एका गल्लीत एका टोलेजंग इमारतीइतकी कुटुंबे राहतात तिथे भांडणेही अधिक होणार आणि बारशीही अधिक होणार. बारशांवरून कुणी अनुमान काढत नाही एवढेच.

आता माणसांकडे वळू, कारण सारा आक्षेप अखेर माणसांवरच आहे.

पवनेच्या एका तीरावर पिंपरी कॅम्प आणि दुसऱ्या तीरावर काळेवाडी, मध्ये पूल. कॅम्प वसला तो फाळणीत घरदार गमावून सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, साठीच्या दशकात औद्योगिक वसाहत वाढली, १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. कारखान्यांनी गावोगावहून हात मागवले. त्या हातांच्या मागे माणसे असतात आणि माणसांना रात्री पाठ टेकायला जागा लागते, हा विचार मात्र फारच सावकाश सुचला. कामगारांना परवडतील अशी घरे द्यावीत म्हणून १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, त्याने पेठा आखल्या, प्रशस्त रस्ते काढले आणि काही हजार कुटुंबे सुखाने नांदली. पण येणारी माणसे लाखांत होती. २००१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १०,१२,४७२ होती, २०११ मध्ये ती १७,२७,६९२ झाली. दहा वर्षांत सात लाख माणसे! ती कुठे राहिली? ज्यांनी त्यांना सामावून घेतले त्या काळेवाडी, थेरगाव, रहाटणीसारख्या गावांनी घर देण्याचे शासनाचे काम शासनाची परवानगी न घेता केले, आणि म्हणून ती घरे अनधिकृत ठरली. पुढे २००१ मध्ये शासनालाच गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला. ज्या अरुंद गल्लीकडे बोट दाखवून आज वस्तीचे शील मोजले जाते, ती गल्ली त्या अपुऱ्या नियोजनाची सही आहे. तिथे राहणाऱ्याने ती हौसेने आखलेली नाही.

गरिबाच्या वस्तीला गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे आणि तिला सरकारी आश्रयही लाभलेला आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने कायदा करून जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, पुढे सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत करून हजेरी घेतली. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला. कायदा रद्द झाला, परंतु त्यामागची दृष्टी रद्द करण्याचा अधिकार कोणत्याच विधिमंडळाला नसावा. "तिथली माणसं तशीच" या तीन शब्दांत तो १८७१ चा कायदा अद्याप पूर्ण अंमलात आहे; फरक इतकाच की तारेचे कुंपण आता आपण स्वतःभोवती घालून घेतो आणि त्याचा देखभाल खर्च दरमहा भरतो.

ही दृष्टी केवळ आपलीच आहे असे मात्र नाही. अमेरिकेत सॅम्पसन आणि रॉडनबुश या दोन संशोधकांनी शिकागोतल्या वस्त्यांविषयी २००४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. रस्त्यावरचा कचरा, मोडतोड, भिंतींवरच्या रेघोट्या यांची त्यांनी प्रत्यक्ष पद्धतशीर नोंद केली होती आणि त्याच वस्त्यांतल्या रहिवाशांना, तुम्हांला इथे किती बेबंदी दिसते, असेही विचारले होते. निष्पन्न काय झाले? लोकांना दिसणारी बेबंदी ही प्रत्यक्ष कचऱ्यापेक्षा तिथे कृष्णवर्णीय आणि गरीब किती राहतात यावर अधिक अवलंबून होती. डोळ्यांनी कचरा मोजला नव्हता. डोळ्यांनी माणसे मोजली होती. शिकागोच्या जागी काळेवाडी घाला आणि कृष्णवर्णीयाच्या जागी एका खोलीत राहणारे चार बिहारी कामगार घाला. प्रमेय तसेच सिद्ध होते.

"परंतु खून पडतात त्याचे काय?" पडतात. २०२२ साली या देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. त्यांच्या कारणांत सर्वांत मोठा वाटा वादावादीचा, ९,९६२. त्याखालोखाल वैयक्तिक वैमनस्य, ३,७६१. आणि ज्या लुटारूच्या भयाने आपण बिऱ्हाडाची जागा बदलतो, त्याने आर्थिक लाभासाठी केलेले खून १,८८४. म्हणजे माणसाला मारतो तो बहुतेक वेळा त्याचा भाऊबंद, शेजारी, भागीदार किंवा जुना वैरी. आणि हे सर्व लोक फाटकावरच्या नोंदवहीत सही करून, किंवा सहीदेखील न करता, आत येऊ शकतात. स्त्रियांच्या बाबतीत हे सत्य अधिकच क्रूर आहे. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दरवर्षी नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी पीडितेच्या परिचयातले असतात, आणि स्त्रियांविरुद्धच्या एकंदर गुन्ह्यांत सर्वांत मोठा हिस्सा असतो पती व सासरच्या मंडळींनी केलेल्या छळाचा. हा गुन्हेगार घराची किल्ली खिशात बाळगून असतो. मे २०२५ मध्ये मुळशीतल्या भुकूम येथे एका सधन घराण्यातल्या सुनेचा मृत्यू झाला, हुंड्यासाठी छळ झाल्याचा आरोप झाला आणि महाराष्ट्र हादरला. त्या घराला भिंत नव्हती काय? प्रतिष्ठा नव्हती काय? तो परिसर "फॅमिलीसाठी चांगला" नव्हता काय?

भिंतीच्या सामर्थ्याविषयी आणखी थोडे बोलले पाहिजे, कारण या भिंतीवर मध्यमवर्गाची जितकी श्रद्धा आहे तितकी कुलदैवतावरही उरलेली नाही. सायबर चोरांनी २०२४ या एका वर्षात भारतीयांचे सुमारे २२,८४५ कोटी रुपये लुबाडल्याचे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. हा चोर कोणत्या फाटकातून आत आला? रखवालदाराने त्याच्या वाहनाचा क्रमांक लिहून घेतला होता काय? विसाव्या मजल्यावरच्या निवृत्त गृहस्थाला दूरध्वनीवरून "डिजिटल अटक" करून त्याची आयुष्याची पुंजी उकळणारा माणूस आणि काळेवाडीच्या खोलीत राहणारा जोडारी यांच्यात भयास अधिक पात्र कोण? आणि स्वतः तो रखवालदार राहतो कुठे, हा प्रश्न आमच्या सोसायट्यांनी स्वतःस कधी विचारला आहे काय? दिवसा तुमच्या घराची किल्ली सांभाळणारी बाई, तुमचे मूल शाळेत पोचवणारा रिक्षावाला, रात्रभर तुमच्या फाटकावर जागणारा म्हातारा, यांतले कितीतरी जण नढेनगर, विजयनगर, ज्योतिबानगर अशा वस्त्यांतूनच येतात. तुमच्या उंबऱ्याच्या आत ज्यांच्यावर तुम्ही सोने आणि संतती सोपवता, त्यांच्याच गल्लीतून चालायचे म्हटले की तुमच्या छातीत धडधडते! या तर्काला काय नाव द्यावे?

भाडेकरूंच्या पडताळणीची तऱ्हा अशीच. घरमालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांत द्यावी असा हुकूम वेळोवेळी निघतो आणि तो योग्यही असेल. परंतु एकट्या राहणाऱ्या मुलीने ज्याच्याकडे खोली घेतली त्या घरमालकाची पडताळणी करून तिच्या हाती देण्याचा हुकूम कधी निघाल्याचे कुणी ऐकले आहे काय?

आता ज्या धोक्याविषयी हे सल्लागार अवाक्षर काढत नाहीत त्याकडे येतो. २०२२ सालीच या देशातल्या रस्त्यांवर अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. खुनांच्या जवळजवळ सहापट! त्यांतले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते आणि पंचमांशाच्या आसपास पायी चालणारे. काळेवाडीत राहणाऱ्या माणसाचा जीव ज्या ठिकाणी खरोखर टांगणीला लागलेला असतो ते ठिकाण अंधारी गल्ली नाही. ते ठिकाण काळेवाडी फाटा आहे. सांगवी-किवळे हा जलद बसमार्ग २०१५ मध्ये सुरू झाला, रस्ता रुंद झाला, उड्डाणपूल आणि भुयारी मार्ग झाले, आणि भरधाव जाणाऱ्या मोटारीची सोय पाहता पाहता रस्ता ओलांडणारी म्हातारी कुणाच्या नकाशातच राहिली नाही. मालमोटार, कंपनीची बस, पाण्याचा टँकर, विरुद्ध दिशेने येणारी दुचाकी आणि पदपथावर मांडलेले सामान यांच्यामधून वाट काढीत जे मूल शाळेत जाते, त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न "तिथे माणसं कशी आहेत" या चौकशीत कधी येतो काय? घर पाहायला आलेला एकही गृहस्थ, इथे पदपथ कुठे आहे, असे विचारत नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे एका अल्पवयीन मुलाने चालवलेल्या महागड्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले, आणि त्या मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर प्रथम जामीन मिळाला. दुसऱ्या दिवसापासून "कल्याणीनगर? नको हो, तो एरिया बरा नाही, तिथं श्रीमंतांची पोरं राहतात" असे कुणी म्हणू लागले काय? तिथली घरभाडी उतरली काय? हीच घटना काळेवाडीत एखाद्या टेम्पोचालकाच्या पोराच्या हातून घडती, तर पुढची दहा वर्षे ती या वस्तीच्या कपाळावर गोंदलेली राहिली असती.

आपल्या या परिसरात गेल्या काही वर्षांत माणसे कशाने मेली त्याची थोडी उजळणी करू. १७ एप्रिल २०२३, किवळे: वादळी वाऱ्यात जाहिरातीचा लोखंडी फलक कोसळून पाच ठार. ३० ऑगस्ट २०२३, चिंचवडचे पूर्णानगर: दुकानाला लागलेल्या आगीत एका कुटुंबातले चौघे मृत. ८ डिसेंबर २०२३, तळवडे: केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग, कामगार स्त्रियांचा होरपळून मृत्यू. २४ ऑक्टोबर २०२४, भोसरी: कामगार वसाहतीतली पाण्याची टाकी फुटून पाच मजूर ठार. १५ जून २०२५, मावळातला कुंडमळा: इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा अंत. यांत कोयता कुठे आहे? परप्रांतीय गुंड कुठे आहे? आहे तो परवाना, तपासणी, लेखापरीक्षण आणि दुरुस्ती यांचा अभाव. आणि मेलेल्यांत कितीतरी असे, ज्यांच्यापासून जपून राहा म्हणून आपल्याला सांगितले जाते. त्यांच्या फायली नंतर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातात. वस्तीच्या बदनामीला मात्र कोणत्याही टेबलावर थांबावे लागत नाही.

पावसाळ्यात पवना धरणातून पाणी सोडले की नदीकाठच्या घरांत शिरते. २०१९ साली शिरले, जुलै २०२४ मध्येही शिरले. काळेवाडीला नदी लागून आहे. तरीही घर घेणारा पूररेषा विचारत नाही, शेजारी कोणत्या जिल्ह्याचे आहेत ते विचारतो.

स्त्रियांचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण साऱ्या निंदेचे शेवटचे शस्त्र तेच असते. "बायकामुलींसाठी सेफ नाही." हे वाक्य उच्चारणाऱ्यांत पुरुषच पुष्कळ, आणि ज्या स्त्रिया तिथे राहतात त्यांना विचारून ते उच्चारलेले क्वचितच आढळते. काळेवाडीच्या रस्त्यावर पहाटे साडेपाच-पावणेसहाला जाऊन उभे राहावे. पहिल्या पाळीच्या बसची वाट पाहत चाकणला, भोसरीला निघालेल्या बाया डबा आणि ओळखपत्र घेऊन उभ्या असतात. दूधवाला आणि वर्तमानपत्राची पोरे आलेली असतात. चहाची टपरी उघडलेली असते. रात्री दुसऱ्या पाळीची बस माणसे आणून सोडते तेव्हा भुर्जीपावच्या गाडीवर दिवा जळत असतो आणि कुठे ना कुठे ओट्यावर कुणी उकाड्याने जागे असते. जी वस्ती तीन पाळ्यांत जगते ती पूर्ण झोपत नाही. जेन जेकब्स या विदुषीने १९६१ साली अमेरिकन शहरांवर जो गाजलेला ग्रंथ लिहिला त्याचे एक मोठे प्रतिपादन हेच होते की रस्त्याची राखण प्रथमतः पोलीस करीत नाहीत. दुकाने, खिडक्या, ये-जा आणि एकमेकांना तोंडओळखीने ओळखणारी माणसे ती करतात. या कसोटीला उंच भिंतींच्या दोन सोसायट्यांमधला तो निर्मनुष्य, सुबक, दिव्यांच्या रांगांचा रस्ता कितपत उतरतो? तिथे रात्री दहा वाजता एखाद्या मुलीने हाक मारली तर चौदाव्या मजल्यावरच्या वातानुकूलित खोलीत ती ऐकू जाईल काय? काळेवाडीच्या गल्लीत सहा दारे उघडतील. त्यांतली चार निव्वळ कुतूहलाने उघडतील हे मला मान्य आहे, पण उघडतील.

२००७ साली पुण्यात रात्रपाळीसाठी निघालेल्या एका तरुणीचा बलात्कारानंतर खून झाला आणि तिचा देह मावळातल्या गहुंजे परिसरात सापडला. तिला नेण्यासाठी जी मोटार सुरक्षिततेची हमी म्हणून घरापाशी पाठवलेली होती, तिचाच चालक आणि त्याचा साथीदार गुन्हेगार ठरले. तेव्हापासून प्रत्येक वेळी आम्ही शिकलो ते काय? मुलीने कुठे राहावे, किती वाजता परतावे, कोणत्या वस्तीतून जाऊ नये. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये मुंबईच्या अनुभवावर 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहून हेच दाखवून दिले की स्त्रीच्या सुरक्षिततेची चर्चा बघता बघता तिच्यावरच्या पहाऱ्यात परिणत होते आणि सारा संशय खालच्या थरातल्या पुरुषावर ढकलून मोकळी होते. काळेवाडीची निंदा हे दोन्ही उद्योग एकाच वाक्यात उरकते: मुलीची नोकरीजवळची, परवडणारी खोली जाते आणि खोलीशेजारच्या कामगाराची अब्रू जाते.

मग तोडफोड होत नाही काय? होते. मध्यरात्री टोळके येते, रांगेने उभ्या असलेल्या रिक्षा आणि मोटारींच्या काचा फोडते, "आम्ही इथले भाई" असे ओरडत निघून जाते. परंतु त्या काचा कुणाच्या असतात? ज्याच्या घराला वाहनतळ नाही आणि जो त्या रिक्षेचा हप्ता भरतो आहे त्याच्या! म्हणजे गुन्हा काळेवाडीकराविरुद्ध घडतो आणि नाव काळेवाडीचे खराब होते. फिर्यादीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची ही पद्धत आम्ही दुसऱ्या कोणत्या बाबतीत चालवून घेऊ? भाईच्या फलकाविषयी म्हणाल, तर तो लावण्यास परवानगी लागते आणि विनापरवाना असेल तर काढण्यास महापालिकेकडे माणसे आहेत. तो आठ-आठ दिवस लोंबत असेल तर त्याचा जाब चौकातल्या पोराला विचारायचा, की ज्याने तो काढला नाही त्याला? आणि मोक्का, तडीपारी यांचे हुकूम ज्या पोरांवर निघतात त्यांतली कित्येक अल्पवयात या मार्गाला लागलेली असतात. त्यांच्यासाठी त्या वस्तीत मैदान किती, वाचनालये किती, हे मोजायला कुणी आले होते काय?

या वस्तीला सामूहिक बळ नाही असेही कुणी म्हणू नये. २०१७ साली रिंग रोडच्या आखणीत काळेवाडी, थेरगाव, रहाटणी येथली घरे येऊ लागली तेव्हा याच गल्ल्यांतली माणसे, बायकांसह, महिनोन्महिने मोर्चे काढीत आणि बैठका घेत उभी राहिली. ज्या टॉवरमधल्या रहिवाशाला समोरच्या दाराआड कोण राहते हे नावाच्या पाटीवरून वाचावे लागते, त्याने या लोकांना सुरक्षिततेचे धडे द्यावेत हा विनोद मोठा आहे.

सुरक्षित कोण आणि असुरक्षित कोण हे ठरवायचेच असेल तर ते विचारून, चालून आणि मोजून ठरवावे. रात्री दहाला त्या गल्लीतून पायी जावे. दिवे किती लागतात, किती बंद आहेत ते पाहावे. रिक्षा मिळते का पाहावे. अग्निशमनाची गाडी वळेल की नाही, विजेच्या तारा हाताला लागतात की नाही, पूररेषा कुठून जाते, मुलाला शाळेपर्यंत पदपथ आहे की नाही, चौकीत रात्री कुणी असते की नाही, हे पाहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिथे दहा वर्षे राहिलेल्या दोन बायांशी बोलावे. या कसोटीवर काळेवाडी काही ठिकाणी नापास होईल, हे मला पक्के ठाऊक आहे. तिचे पदपथ नापास होतील, तारा नापास होतील, नाले नापास होतील. माणसे होणार नाहीत. आणि तेवढ्यासाठीच ही कसोटी कुणाला नको असते: माणसे वाईट असली की जागा बदलून भागते, पदपथ वाईट असले की कुणाला तरी उत्तर द्यावे लागते.

तेव्हा पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाने, जे १५ ऑगस्ट २०१८ पासून या शहराचे स्वतंत्र आयुक्तालय आहे, प्रत्येक ठाण्याच्या हद्दीतले गुन्हे लोकसंख्येच्या प्रमाणासह दरमहा मराठीत प्रसिद्ध करावेत. महापालिकेने प्रभागवार अपघातांच्या जागा, बंद पथदिवे, धोकादायक फलक आणि पूररेषा यांचे तक्ते क्षेत्रीय कार्यालयाच्या भिंतीवर लावावेत. आणि ते तक्ते लागेपर्यंत, आयुष्यात एकदा काळेवाडी फाट्यावरून मोटारीने गेलेल्या हितचिंतकांनी या वस्तीच्या चारित्र्याचे दाखले देणे कृपा करून बंद ठेवावे.